पेशींची मर्यादा आणि प्रियोळची मावशी
१९६१ साली लेनर्ड हेफ्लिक आणि पॉल मूरहेड या शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी पेशी साधारण ४० ते ६० वेळा विभागून थांबतात. प्रत्येक विभाजनागणिक गुणसूत्रांच्या टोकांवरचे टेलोमिअर नावाचे संरक्षक भाग आखूड होत जातात, हे त्यामागचे एक मोठे कारण. शरीरातल्या अतिक्रियाशील रेणूंनी, म्हणजे मुक्त मूलकांनी, केलेली हानी साचून वार्धक्य येते, हा डेनम हार्मन यांचा १९५६ चा सिद्धान्त मात्र मला अपुरा वाटतो, कारण या मूलकांना निष्प्रभ करणाऱ्या अँटिऑक्सिडंट गोळ्यांनी माणसाचे आयुष्य वाढल्याचे सिद्ध झालेले नाही. म्हणूनच गोव्यातल्या प्रियोळच्या माझ्या मावशीला मी त्या सुचवत नाही. ऐंशी ओलांडूनही ती सकाळी कुळागरात वाकून सुपाऱ्या वेचते आणि संध्याकाळी देवळातल्या भजनात झांज धरते. स्नायूंचे बळ आणि माणसांचा सहवास या दोहोंचा निरोगी वार्धक्याशी जवळचा संबंध आहे. सध्या तिच्या शेवाळलेल्या पायऱ्यांना कठडा बसवणे मला अधिक निकडीचे वाटते.