असईच्या पलटणी नऊ इंचांत वळतात का?

2020 च्या लॉकडाऊनमध्ये माझ्याकडे एक काम आलं. उत्तर इंग्लंडमधला एक वॉरगेम क्लब होता, बहुतेक सभासद साठी ओलांडलेले. एका भाड्याच्या हॉलमध्ये सहा फूट बाय चार फुटांच्या टेबलावर रंगवलेले इवलेसे शिपाई मांडायचे आणि जुन्या लढाया खेळायच्या, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा उद्योग. हॉलला कुलूप लागलं. मग कुणीतरी त्यांना टेबलटॉप सिम्युलेटर दाखवलं आणि ते फिरत फिरत माझ्यापर्यंत, म्हणजे पुण्यात घरी बसून गेमचं फ्रीलान्स काम करणाऱ्या माणसापर्यंत पोचले.

टेबलटॉप सिम्युलेटर 2015 साली बाजारात आलं. नावात खेळ वाटतो, पण ते नुसतं टेबल आहे. नियम त्याला ठाऊक नसतात. वस्तू उचलता येतात, आपटता येतात, फासे गडगडतात, एकमेकांवर आदळतात. चिडून अख्खं टेबल उलथवून टाकायचीही सोय आहे! (ती परवानगी होस्टला काढून घेता येते. मी सगळ्यात आधी तेच केलं.) माझ्या दृष्टीने सोयीची गोष्ट म्हणजे त्यातलं एक एकक म्हणजे एक इंच, आणि ही मंडळी इंचातच विचार करतात. नियम घालायचे तर लुआ भाषेत स्क्रिप्ट लिहायची.

अशा कामात थ्रीडी मॉडेल बनवणं हाच मोठा भाग असेल असं लोकांना वाटतं. तसं नाही. पंधरा मिलिमीटरचा शिपाई पडद्यावर नखाएवढा दिसतो. त्याला मिशा काढत बसलात तर समोरच्याचा जुना लॅपटॉप बसतो, एवढंच. मी ब्लेंडर नावाच्या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये साधेसे शिपाई केले, कोट आणि पागोट्यांचे रंग बदलून दोन्ही सैन्यं उभी केली. बाजारातले पुतळे स्कॅन करून वाटायचे नाहीत हे आधीच सांगितलं होतं, कारण ती दुसऱ्याच्या हातची कला आहे. खरा वेळ गेला तो टेबलावरच्या सवयी समजून घेण्यात. खऱ्या टेबलावर पलटण हलवताना शेजारच्या तोफेला धक्का लागला तर माणूस 'सॉरी' म्हणून ती जागेवर ठेवतो. इथे फिजिक्सच्या कृपेने तोफ तीन इंच घसरायची आणि दोन गोलंदाज आडवे व्हायचे. म्हणून टेबलावरची प्रत्येक पलटण लॉक ठेवली आणि तिची हालचाल फक्त स्क्रिप्टमधून होईल असं केलं.

पहिली चाचणी म्हणून त्यांनी निवडली असईची लढाई. मी कुठला, हे त्यांना माहीत होतं. पण निवड त्यासाठी नव्हती. पुढे वॉटर्लू जिंकलेल्या वेलस्ली या ब्रिटिश सेनापतीची ही हिंदुस्थानातली गाजलेली लढाई, त्यामुळे तिकडच्या वॉरगेमवाल्यांना ती पाठ असते.

असई म्हणजे आपल्या जालना जिल्ह्यातलं गाव. 23 सप्टेंबर 1803. केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात एकीकडे दौलतराव शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांच्या फौजा, दुसरीकडे वेलस्ली. शिंद्यांचे कवायती कंपू, म्हणजे युरोपीय पद्धतीने तयार केलेलं पायदळ, केळणेच्या उत्तर काठावर दक्षिणेकडे तोंड करून उभे. उतार, म्हणजे नदी चालत ओलांडायची जागा, नाही असं वाटाडे सांगत होते, पण नदीच्या दोन्ही काठांना समोरासमोर दोन गावं दिसताच वेलस्लीने ताडलं की माणसं ये-जा करत असणार, म्हणजे उतार असणारच. तो तिथून नदी ओलांडून मराठ्यांच्या डाव्या बगलेवर आला. बगल उघडी सापडेल हा त्याचा हिशेब होता. पण कवायती पायदळाचा सेनापती पोलमन, मूळचा हॅनोव्हरचा, त्याने सगळी रांग काटकोनात फिरवली आणि वेलस्लीपुढे पुन्हा तोफांची आणि संगिनींची भिंत उभी राहिली. एवढ्या शिस्तीत हे वळतील असं वेलस्लीला वाटलंच नव्हतं. दिवस त्याने जिंकला, पण त्याच्या बाजूचे दीड हजारांवर लोक मेले किंवा जखमी झाले.

म्हणजे लढाईचा जीव कुठे, तर त्या वळणात. आणि कम्प्युटरवर सगळ्यात त्रास दिला तोही वळणानेच.

एनसीसीत ज्यांनी 'दाहिने घूम' केलंय त्यांना कळेल: आतला गडी जागच्या जागी पाय आपटतो आणि बाहेरचा लांब टांगा टाकत धावतो. पलटण एका पुढच्या कोपऱ्यावर फिरते. सिम्युलेटरमध्ये मात्र वस्तू आपल्या मध्यबिंदूभोवती फिरते. तशी फिरवली की पलटणीचा अर्धा भाग मागे, थेट स्वतःच्याच तोफांवर. म्हणून स्क्रिप्ट आधी कोपरा टेबलावर नेमका कुठे आहे ते टिपून घेई, पलटण फिरवी, आणि मग तोच कोपरा मूळ जागी येईल इतकी ती सरकवी. क्लबच्या नियमांत वाक्य होतं: वळताना बाहेरचा कोपरा जास्तीत जास्त नऊ इंच चालेल. तेच मी शब्दशः घातलं.

खेळ सुरू झाला त्यांच्या संध्याकाळी सात वाजता, आपल्याकडे रात्रीचे साडेअकरा. वेलस्ली होते क्लबचे सेक्रेटरी. शिंद्यांकडून गणिताचे निवृत्त मास्तर. मी नुसता बघ्या, कान हेडफोनमध्ये आणि मन अर्थातच केळणेच्या उत्तर काठावर.

वेलस्ली नदी उतरला. मास्तरांनी पहिली पलटण निवडली, डावीकडे नव्वद अंश. स्क्रिप्टने लाल खूण दाखवली: 9.9 इंच, चाल अवैध.

क्षणभर कुणी बोललं नाही. मग सेक्रेटरी म्हणाले, "हॉलमध्ये ही पलटण कायम वळते. मी स्वतः हजारदा बघितलंय."

स्क्रिप्ट आणि सेक्रेटरी, दोघंही बरोबर होते. पलटणीत चाळीस मिलिमीटरचे चार बेस (शिपाई ज्यावर उभे असतात त्या पट्ट्या), म्हणजे रुंदी 160 मिलिमीटर. बाहेरचा कोपरा काटकोनात फिरला तर त्याची कमानीवरची वाट होते 251 मिलिमीटर, जवळजवळ 9.9 इंच. पण हॉलमध्ये कमान कोण मोजतं? मेजर टेप सरळच ताणली जाते, सुरुवातीच्या जागेपासून शेवटच्या जागेपर्यंत. ते अंतर 226 मिलिमीटर, म्हणजे 8.9 इंच. नियमात बसतं.

मी हे आकडे सांगितल्यावर मला वाटलं, आता जुंपणार. जुंपलीही, पण उलट्या बाजूंनी. ज्यांची पलटण अडली होती ते मास्तरच म्हणाले की कम्प्युटरचं खरं आहे, शिपाई काही हवेतून सरळ उडत जात नाहीत. वर त्यांनी आणखी एक काडी घातली: हीच चाल पंचेचाळीस-पंचेचाळीस अंशांत दोन तुकड्यांनी केली आणि दोन्ही वेळा टेप सरळ लावली, तर 9.6 इंच भरतात. म्हणजे एकच वळण एका दमात केलं तर चालतं आणि थांबत केलं तर चालत नाही! इतकी वर्षं आपण सगळे एकेक इंच फुकट खात आलोय, असं त्यांचं म्हणणं. आणि ज्यांचा त्यात फायदा होता ते सेक्रेटरी हटून बसले की वळू द्या, मला असला सोपा विजय नकोय.

शेवटी सेक्रेटरींनी इतिहास पुढे केला. पोलमनची रांग त्या दिवशी वळली होती. ज्या नियमाने ती वळत नाही, तो नियम असईला लावून काय उपयोग? मास्तरांना हे पटलं नाही, पण क्लबमध्ये सेक्रेटरींचा शब्द शेवटचा. मी तिथेच बसून स्क्रिप्टमधली ओळ बदलली आणि सगळ्यांना सेव्ह पुन्हा लोड करायला लावली.

नियमावली लिहिणाऱ्याला यात दोष देता येत नाही. ती टेप हातात असलेल्या माणसांसाठी लिहिलेली, आणि टेप वाकत नाही हे त्यात कशाला लिहायचं? मशीनला मात्र प्रत्येक गृहीतक शब्दांत लागतं. या कामाचे मी पैसे घेतो ते बहुतांशी असली गृहीतकं शोधण्याचे. लोक बिल बघून विचारतात की मॉडेल तर इतकी साधी आहेत!

पलटणी वळल्या. एकामागून एक, आतला कोपरा खिळून. असई गावाजवळ सेक्रेटरींच्या 74 व्या हायलँडर पलटणीची तोफांपुढे दाणादाण उडाली. प्रत्यक्षातही तिचे तिथे अतोनात हाल झाले होते. आपल्याकडे तीन वाजत आले तेव्हा वेलस्ली नदीकडे पाठ करून अडकला होता आणि सेक्रेटरींनी हार कबूल केली. माइक बंद होता म्हणून बरं. मी इकडे टाळी वाजवली.

दोन्ही मापं आता मेनूत आहेत, सरळ आणि कमानीचं. सरळ हे ठरीव. मास्तर मात्र खेळायला बसले की आधी स्वतःच्या सैन्यापुरतं कमानीचं चालू करतात, आणि त्यांच्या पलटणी अर्ध्या वळणावर अडकल्या की सेक्रेटरी कुरकुरतात.