फोडणीआधीचा वाटा : आमची वाटचाल

आमची मूळ मेस. कर्वेनगरात सासूबाईंनी चालू केलेली, पाटी ‘शुद्ध शाकाहारी’ अशी, जेवणारे बहुतेक इंजिनिअरिंगची पोरं आणि एकटे राहणारे नोकरदार. मेस अजून चालू आहे. पण आता सकाळी डाळीचा कुकर उतरला की त्यातला ठरलेला भाग आधी डब्यात निघतो, भाताचा निघतो, चिरलेल्या भाजीचा निघतो, आणि मगच कढईत तेल पडतं. ते डबे वारज्याच्या आमच्या गाळ्यावर जातात आणि तिथे त्यांचं कुत्र्यांचं जेवण होतं. या बाजूला काढलेल्या वाट्यावर आमचा दुसरा धंदा उभा आहे.

मेसमध्ये रात्री किती उरतं हे मेसवाल्यालाच ठाऊक. शनिवारी पोरं बाहेर जेवतात, परीक्षा संपली की न सांगता गावी जातात, आणि पातेली भरलेलीच राहतात. मग आजूबाजूचे लोक पिशव्या घेऊन यायचे, ‘काकू, सोसायटीतल्या कुत्र्यांसाठी काही आहे का?’ सासूबाईंनी कधी कोणाला परत पाठवलं नाही. त्यांच्या माहेरी गाईचा घास आणि कुत्र्याची भाकरी रोज निघायची. दत्ताच्या पायाशी चार कुत्री, जेजुरीच्या खंडोबाबरोबर कुत्रा. तेव्हा कुत्र्याचा अन्नावर हक्क असतो हे आमच्या घरात कोणाला पटवून द्यावं लागलं नाही. त्या वाट्यात काय असावं, हे मात्र आमच्याकडे डबा लावलेल्या एका पशुवैद्यांनी सांगितलं.

त्यांचं पहिलं बोट कांद्यावर. कांदा-लसणातली गंधकाची संयुगं कुत्र्याच्या तांबड्या पेशींमधलं हिमोग्लोबिन बिघडवतात, पेशी फुटायला लागतात आणि जनावर पांढरं पडतं. शिजवून, तळून, वाळवून हा गुण जात नाही. वजनाच्या दर किलोला १५ ते ३० ग्रॅम कांदा पोटात गेला की रक्तात ठळक फरक दिसतो. १० किलोच्या कुत्र्याला म्हणजे १५० ग्रॅमपासून पुढे, साधारण दोन मध्यम कांदे. एका वाटी रश्श्यात एवढा नसतो, पण रोज थोडा थोडा गेला तरी त्रास होऊ शकतो, आणि लक्षणं काही दिवसांनी दिसत असल्यामुळे त्याचा संबंध कोणी जेवणाशी जोडत नाही. आपल्याकडे बिनकांद्याची भाजी हवी तर कांदेनवमी उलटायची वाट बघावी लागते, आणि तेही काही घरांतच.

दुसरं बोट चिंचेवर, ते काही वर्षांनी उठलं आणि याचं मला जास्त आश्चर्य वाटलं. द्राक्षं आणि बेदाण्यांनी कुत्र्यांची मूत्रपिंडं बिघडतात हे बरीच वर्षं माहीत होतं, कारण कळत नव्हतं. २०२१ पासून अमेरिकेतल्या पशुवैद्यांचा संशय टार्टारिक आम्लावर आहे, आणि चिंचेत ते भरपूर असतं. म्हणजे आमची चिंचगुळाची आमटी बाद. सत्यनारायणाचा बेदाणे घातलेला शिराही बाद. लोणचं, पापड, खारवलेलं काहीही बाद. ताटात उरलेल्यातलं जवळजवळ सगळंच बाद झालं.

मग उरलं काय? फोडणीआधीचं सगळं. बिनमिठाचा मोकळा भात, नुसती शिजवलेली तूरडाळ किंवा मूगडाळ, दुधीच्या आणि लाल भोपळ्याच्या फोडी, गाजराची टोकं, फरसबी, फ्लॉवरचे कोवळे देठ. मेसमध्ये यातलं बरंच कचऱ्याच्या बादलीत जायचं. भोपळ्याच्या बिया-गर काढताना मावशी गराचा चांगला बोटभर थर टाकून द्यायच्या, आता तो वेगळ्या परातीत पडतो. बटाट्याच्या हिरवट साली, कच्ची कणीक, कणसाचे दांडे यांना मात्र पूर्ण मनाई. कणीक पोटात फुगते आणि दांडा आतड्यात अडकतो.

चिंचेचं सोडून बाकीचं आम्ही डोक्यात घेऊन हळूहळू करत होतो, तेवढ्यात मार्च २०२० आला. पोरं गावी गेली, मेस बंद. हॉटेलं बंद, टपऱ्या बंद, आणि त्यांच्या आधारावर जगणारी रस्त्यावरची कुत्री उपाशी. आमच्याकडे तांदूळ-डाळीची पोती पडून होती. परवाना काढून खायला घालणारी काही मंडळी रोज मोठाली पातेली घेऊन जायला लागली, पुढे पुढे पैसे देऊन. टाळेबंदी उठल्यावर त्यातल्याच काहींनी विचारलं, आमच्या घरच्या कुत्र्यासाठी असंच रोज द्याल का. धंद्याची सुरुवात एवढीच. याहून नाट्यमय काही घडलेलं नाही.

नाट्य घडलं ते घरात, मांसावरून. नुसत्या डाळभातावर कुत्र्याचं भागवणं अवघड, प्रथिनं कमी पडतात. सासूबाई म्हणाल्या, ‘कुत्र्याला काय हवं ते दे, पण माझ्या पातेल्यात कोंबडी शिजणार नाही.’ त्यांचं बरोबर होतं. पाटी शाकाहारी असताना मागच्या दाराने मटण आणलं असतं तर आमची पोरं दुसऱ्या दिवशी दुसरी मेस शोधती. म्हणून २०२१ मध्ये वारज्यात गाळा घेतला. तिथला कुकर वेगळा, पातेली वेगळी, बायकाही वेगळ्या. मांस कॅम्पातल्या शिवाजी मार्केटातून आणि जवळच्या चिकनवाल्याकडून येतं: पोटा, काळीज, छातीचं मांस कापताना निघणारे तुकडे. गिऱ्हाईक ज्याला हात लावत नाही ते आम्हाला स्वस्तात मिळतं आणि कुत्र्याला तेच आवडतं. काळीज मोजूनच घालतो, कारण त्यातलं अ जीवनसत्त्व शरीरात साठत जातं. शिजवलेलं हाड मात्र एकही नाही. शिजलं की हाड ठिसूळ होतं, त्याच्या काचेसारख्या किरच्या निघतात आणि घशात किंवा आतड्यात रुततात. मटणाची नळी प्रेमाने पुढे करणाऱ्या काकांना हे सांगायला मला सगळ्यात जास्त शब्द खर्चावे लागतात.

खरी डोकेदुखी कॅल्शियमची निघाली. मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नावालाच, डाळभाताचंही तेच. कुत्र्याला फॉस्फरसच्या किमान बरोबरीने, फार तर दुपटीने कॅल्शियम लागतं. ते अन्नातून मिळालं नाही तर शरीर स्वतःच्या हाडांतून ओढून घेतं. रानातला प्राणी हाडं चावून ते भरून काढतो, आम्ही हाडं काढून टाकलेली. अंड्याचं टरफल हा यावरचा घरगुती उपाय. त्यात सुमारे ९५ टक्के कॅल्शियम कार्बोनेट असतं आणि एका टरफलातून साधारण २ ग्रॅम कॅल्शियम मिळतं. उकळायचं, वाळवायचं, तव्यावर किंवा ओव्हनमध्ये कडक करून मिक्सरवर मैद्यासारखं दळायचं. आम्ही सुरुवातीला भुर्जीच्या गाडीवरून टरफलं आणायचो. आता खाण्याच्या दर्जाचं कॅल्शियम कार्बोनेट विकत आणतो, कारण दर घाण्याला माप तेच पडायला हवं.

त्याच सुमाराला डॉक्टरांनी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिसमधल्या पशुवैद्यकीय संशोधकांचा २०१३ चा अभ्यास दाखवला. त्यांनी पुस्तकांतल्या आणि इंटरनेटवरच्या घरगुती जेवणाच्या २०० कृती तपासल्या, त्यातल्या ९५ टक्के कृतींमध्ये निदान एक तरी आवश्यक घटक कमी होता. जस्त, ड आणि ई जीवनसत्त्व, कोलीन असल्या गोष्टी, ज्या डोळ्यांना दिसत नाहीत. हे वाचल्यावर आम्ही दोन माल वेगळे केले. नुसतं डाळ-भात-भाजी-मांस असलेलं पाकीट ‘पूरक खाणं’ म्हणून जातं, दिवसाच्या खाण्याच्या दहाव्या हिश्श्यापर्यंतच द्यायचं. दुसऱ्यात पशुआहार तज्ज्ञाने ठरवून दिलेली खनिज-जीवनसत्त्वांची पूड मापाने पडते, ते रोजचं जेवण. पहिल्याचा खप सहज वाढला असता, ‘घरगुती, ताजं, पूर्ण आहार’ असं छापलं असतं तर. बाजारात तसं छापणारे आहेत. आम्हाला ते जमत नाही. पिल्लांसाठीही आम्ही जेवण विकत नाही. मोठ्या जातीच्या पिल्लाला कॅल्शियम कमी पडलं तरी हाडं बिघडतात आणि जास्त झालं तरी.

गिऱ्हाइकांचे प्रकार सांगायचे तर वही भरेल. बावधनच्या एका काकूंना त्यांच्या कुत्र्यासाठी शाकाहारीच जेवण हवं होतं. मी अंडं आणि पनीर दोन्ही सुचवलं, त्यांनी पनीर घेतलं आणि अंडं ‘बघू’ म्हणून ठेवलं. ते अजून बघूच आहे. याउलट एक आयटीतला मुलगा म्हणाला, ताई, कुत्रा म्हणजे लांडगाच, धान्य कशाला? आता लांडगा आणि कुत्रा यांच्यातला नेमका फरकच धान्याचा. स्वीडनमधल्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवलं की पिष्ट पचवणाऱ्या अमायलेजच्या जनुकाच्या प्रती कुत्र्यात लांडग्यापेक्षा कितीतरी जास्त आहेत. माणसाच्या उकिरड्याजवळ राहून, त्याची भाकरी खाऊनच तो कुत्रा झाला. शिवाय धान्य काढून त्याजागी डाळी-वाटाणे भरलेल्या कोरड्या खाद्याचा आणि हृदयाच्या एका आजाराचा संबंध आहे का, याची चौकशी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ मध्ये सुरू केली होती. ठाम निष्कर्ष निघाला नाही, पण त्यानंतर आम्ही डाळीचं प्रमाण कमीच ठेवलं. त्या मुलाला ज्वारी घातलेलं पाकीट दिलं. कुत्र्याने खाल्लं, मुलाने परत मागवलं.

आणि लठ्ठ लॅब्रॅडॉर. कोथरूड-बाणेरच्या प्रत्येक सोसायटीत एक तरी असतोच, तुपाच्या पोळीवर वाढलेला. १० किलोच्या, नसबंदी झालेल्या, पूर्ण वाढलेल्या कुत्र्याला दिवसाला सहाशेच्या आसपास कॅलरी पुरतात. तूप लावलेली एक पोळी शंभराच्या वर जाते. आजोबा चहाबरोबर दोन पोळ्या भरवतात, म्हणजे १० किलोच्या कुत्र्याचं तिसऱ्या हिश्श्याहून जास्त जेवण तिथेच झालं, आणि वर आमचं पाकीट. मी आजोबांना पोळी बंद करा म्हणत नाही, ते ऐकणारही नाहीत. पाकिटातला भात तेवढा कमी करून देते.

हिशेबाचं बोलायचं तर उरलेल्यापासून केलेलं जेवण स्वस्त पडत असेल हा सगळ्यांचा समज आहे. माल जवळजवळ फुकट येतो, हे खरं. पण निवडायला माणूस लागतं, गॅस व्यावसायिक दराने, भात दोन तासांच्या आत थंड करावा लागतो नाहीतर त्यात जंतू वाढतात, मग उणे १८ अंशाचे फ्रीजर आणि त्यांचं वीजबिल. वर किरकोळ पाकिटातल्या कुत्र्यांच्या खाद्यावर १८ टक्के जीएसटी. आमचं पाकीट चांगल्या कंपनीच्या कोरड्या दाण्यांपेक्षा महागच आहे, आणि कोणी दाणे परवडतात म्हणाला तर मी त्याला अडवत नाही. ब्रँडचे दाणे वाईट असतात असं सांगून माल खपवणं सोपं आहे, पण त्यात पोषणाचा हिशेब केलेला असतो. १८६० च्या दशकात लंडनमध्ये जेम्स स्प्रॅट या अमेरिकन माणसाने कुत्र्यांची बिस्किटं विकायला काढली, तोवर जगभरची कुत्री माणसाच्या उरल्यासुरल्यावरच जगत होती. जगत होती हे खरं, किती वर्षं जगत होती ते कोणी मोजलं नव्हतं.

लग्नाच्या कार्यालयांतून आणि हॉटेलांतून अधूनमधून फोन येतात, ‘पन्नास किलो बिर्याणी उरलीय, फुकट घेऊन जा.’ घेत नाही. तिच्यात कांदा किती, मीठ किती, ती कधीपासून बाहेर आहे, कशाचाच पत्ता नसतो. गणपतीत मंडळांच्या महाप्रसादाचं तेच. त्यांना मी सांगते, माणसांनी खाण्याजोगं असेल तर माणसांना द्या, नसेल तर बायोगॅसला. रस्त्यावरच्या कुत्र्यांना खायला घालणाऱ्यांसाठी साधं भात-डाळ-चिकनचं मोठं पाकीट आम्ही ना नफा दराने ठेवलंय. फक्त जागा सोसायटीशी बोलून ठरवा, भटक्या कुत्र्यांबाबतच्या २०२३ च्या केंद्रीय नियमांतही तेच सांगितलंय, आणि कागद उचलून न्या.

घरीच करायचं असेल त्यांना मी माप लिहून देते, गिऱ्हाईक गेलं तरी चालेल. १० किलोच्या, पूर्ण वाढलेल्या, निरोगी कुत्र्याला दिवसाचं: १५० ग्रॅम शिजवलेलं बिनहाडाचं चिकन, २०० ग्रॅम शिजवलेला भात, मूठभर भोपळा-गाजर-फरसबी, चमचाभर तेल, टरफलाची पूड २ ग्रॅम, म्हणजे लहान चमच्याला जेमतेम अर्धा. महिनोन्‌महिने हेच देणार असाल तर खनिजांची पूड डॉक्टरांना विचारून घ्या. आधीच्या खाण्यावरून आठवडाभरात हळूहळू बदला, एकदम बदललंत तर जुलाब होतात आणि फोन मला येतो.

सध्या गाळ्याच्या शेजारचा गाळा रिकामा होतोय, भाडं जमलं तर तिथे दुसरा फ्रीजर जाईल. दिवाळीत मेस बंद म्हणजे फोडणीआधीचा वाटाही बंद. त्या दिवसांची पाकिटं वसुबारसेच्या आधी सांगून ठेवा.