आजव्यात पाणीच नव्हतं

आमच्या स्वयंपाकघरात फ्रिजच्या बाजूला कालनिर्णय टांगलेलं असतं. दुधाचा हिशेब, गॅसची तारीख, आईच्या गोळ्या कधी संपतात, सगळं त्यावरच. माझ्या पाळीची खूण म्हणून मी त्यावर पेन्सिलीने एक बारीक टिंब काढते, शाळेत असल्यापासूनची सवय. गेल्या वर्षी श्रावणात टिंब नव्हतं. भाद्रपदातही नव्हतं. दिवाळीला फराळाचं सामान कधी आणायचं ते बघायला कॅलेंडर हातात घेतलं, मागची पानं चाळली, तेव्हा नीट लक्षात आलं की चार महिने कोरे गेलेत.

मी ३४ वर्षांची. बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत एका कंपनीत अकाउंट्स बघते. बाबा गेले त्याला तेव्हा दीड वर्ष झालं होतं. ते गेल्यावर रात्री झोप लागेना, म्हणून मी पहाटे कमाटी बागेत धावायला जायला लागले. आधी दोन किलोमीटर, मग पाच, मग दहा. धावलं की तेवढा वेळ डोकं शांत राहायचं. जेवण कधी कमी होत गेलं ते कळलंच नाही. ५८ किलोंवरून ४७ वर आले. ऑफिसात सगळे म्हणायचे, काय छान बारीक झालीस. मलाही ते ऐकायला आवडायचं.

आईला सांगितलं, आईने आत्याला सांगितलं, आणि आत्या प्रतापनगरहून तिळाचे लाडू घेऊन हजर झाली. "उष्ण खा गं, उतरेल आपोआप." मग पपई झाली, ओव्याचं पाणी झालं, बाळंतशोपा झाल्या. आत्याची माया खरी होती, तिच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. तक्रार आहे ती ओळखीच्या एका माणसाने दिलेल्या 'पाळी आणायच्या' पुडीबद्दल. त्यावर ना नाव, ना घटक. आठ दिवस घेतली. पोटात कळा आल्या, जुलाब झाले, बाकी काही नाही. आणि पुडी देताना त्याने मला एका शब्दाने विचारलं नाही की दिवस तर राहिले नाहीत ना. लग्न झालेलं नाही, म्हणजे विचारायचंच नाही! हे मला अजून खुपतं. पाळी चुकलेल्या कुठल्याही बाईला पहिला प्रश्न तोच विचारायला हवा. पुढे माझा ज्या चिनी वैद्यकाशी संबंध आला, त्यातही रक्त हलवणारी, म्हणजे अडलेलं मोकळं करणारी औषधं गर्भवतीला वर्ज्य आहेत, घोट्याजवळच्या ज्या बिंदूबद्दल मी पुढे लिहिणार आहे तोही वर्ज्य आहे.

शेवटी स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंकडे गेले. त्यांनी आधी लघवीची तपासणी करून घेतली, मग रक्ताच्या. थायरॉइड ठीक, प्रोलॅक्टिन ठीक, इस्ट्रोजेन खाली. सोनोग्राफीत गर्भाशयाचं अस्तर जेमतेम ४ मिलिमीटर. प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या दहा दिवस दिल्या, त्या संपल्यावर रक्तस्राव व्हायला हवा होता. झाला नाही. बाई म्हणाल्या, "अस्तर तयारच झालेलं नाही तर गळून काय पडणार? खाणं वाढवा, धावणं बंद करा. नाहीतर हाडं ठिसूळ होतील." शरीराला पुरेसं अन्न मिळत नाही आणि वर ताण आहे असं झालं की मेंदूतलं हायपोथॅलॅमस बीजांडकोशांना कामाला लावणारे संदेश कमी करतं, हेही त्यांनी सांगितलं. निदान अचूक होतं. पण बाहेर पंधरा जणी बसलेल्या, मला मिळाली सात-आठ मिनिटं. मी ऐकलं, मान हलवली, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे बूट घालून बागेत गेले.

माझ्या मनात ते उतरलं वेगळ्याच ठिकाणी. गुडघा दुखायला लागला म्हणून मी रावपुऱ्यात एका वयस्कर डॉक्टरांकडे सुया टोचून घ्यायला जायला लागले. शिक्षण एमबीबीएस, अ‍ॅक्युपंक्चर नंतर शिकलेले. आम्ही सगळे त्यांना डॉक्टरकाकाच म्हणतो. जुन्या घराचा पहिला मजला, लाकडी जिना, आणि भिंतीवर डॉ. कोटणीसांचा फोटो. सोलापूरचे कोटणीस १९३८मध्ये पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले आणि १९४२मध्ये तिकडेच वारले, एवढं मला शाळेपासून माहीत होतं. त्याच पथकातले डॉ. बसू पुढे पुन्हा चीनला जाऊन अ‍ॅक्युपंक्चर शिकून आले आणि त्यांनी ते कोलकात्यात सुरू केलं, हे मात्र काकांकडून कळलं.

काका गुडघ्यासाठी आलेल्या माणसाचीही नाडी बघतात. प्रत्येक मनगटावर तीन बोटं, आधी अलगद, मग दाबून. मग जीभ. माझी जीभ फिकट होती आणि कडेला दातांचे ठसे. झोप कशी, हातपाय गार पडतात का, केस गळतात का, असं विचारता विचारता त्यांनी पाळीचं विचारलं आणि मी सगळं सांगून टाकलं.

"शेवटच्या दोन-तीन पाळ्या कशा होत्या? रंग?"

हे मला कोणी विचारलं नव्हतं. आठवून बघितलं. कमी कमी होत गेल्या होत्या. शेवटची जेमतेम दीड दिवस, फिकट गुलाबी, पाण्यासारखी.

"म्हणजे एकदम नाही थांबली, आटत गेली," काका म्हणाले. "पोट फुगणं, छाती दुखणं, चिडचिड, असलं काही?" नव्हतं. मग त्यांनी चष्मा काढला. "हे बघ बेटा, नळाला पाणी आलं नाही तर दोनच गोष्टी असतात. एक तर वाटेत पाइप चोंदलाय. नाहीतर आजव्यातच पाणी नाही. तुम्ही सगळे मिळून पाइप ठोकताय. आजव्यात पाणीच नाही."

आजवा म्हणजे सयाजीरावांनी बांधलेलं सरोवर, ज्याचं पाणी पिऊन बडोद्याच्या पिढ्या वाढल्या. उपमा काकांची, विचार मात्र अस्सल चिनी, आणि तो समजून घ्यायला मी नंतर बरंच वाचलं. बंद झालेल्या पाळीचे तिथे मुळात दोन तट पडतात, रिकामेपणाचा आणि अडथळ्याचा. मिंग काळातला वैद्य झांग जिंग्युए (१५६३–१६४०) याने त्यांना सुकलेलं रक्त आणि अडलेलं रक्त अशी नावं देऊन वेगळं केलं. सुकलेल्या रक्ताच्या बाईला मोकळं करणारी औषधं देत बसू नका, असं तो कळकळीने सांगतो. मोकळं करायचंय? मग आधी भरा. बर्फ वितळला की वसंतातलं पाणी आपलं आपण येतं, तसं रक्त भरलं की पाळी आपली आपण येते. हे वाचलं तेव्हा मला ती पुडी आठवली आणि रडूच आलं.

भरायचं म्हणजे काय, तर त्यांच्या हिशेबात जठर-प्लीहा अन्नातून रक्त तयार करतात, यकृत ते साठवतं, आणि मूत्रपिंडात जन्मजात सत्त्व असतं ज्याच्या जोरावर पाळी सुरू होते. हे अवयव आपल्या शरीरशास्त्रातले नव्हेत, कामांना दिलेली नावं आहेत असं समजून वाचलं की डोकं कमी दुखतं. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या 'हुआंगदी नेइजिंग' या चिनी वैद्यकाच्या मूळ ग्रंथात बाईचं आयुष्य सातांच्या पाढ्यात मांडलंय. दोनदा सात झाले की पाळी येते, सातदा सात झाले की जाते. मी पाचव्या साताच्या उंबऱ्यावर.

याच ग्रंथात सुकलेल्या रक्तावर एक औषध दिलंय, आणि ते वाचून मी चकित झाले. माकुळाचं हाड चार भाग आणि मंजिष्ठेच्या जातीचं मूळ एक भाग, चिमणीच्या अंड्यात कालवून बारीक गोळ्या करायच्या. माकुळाचं हाड म्हणजे आपलं समुद्रफेन! मांडवीजवळच्या काष्ठौषधींच्या दुकानात जाऊन मी दोन्ही मागितली. दुकानदाराने एका बरणीतून लालसर तपकिरी काड्या काढल्या, दुसरीतून पांढरं, खडूसारखं भुसभुशीत, होडीच्या आकाराचं हाड. नखाने खरवडलं तर पीठ निघालं. घ्यायला म्हणून गेले नव्हते, फक्त हातात धरून बघायचं होतं. दुसरा प्रसिद्ध काढा चार वस्तूंचा, त्यात दांग-ग्वे हे मूळ असतं. रक्त अडलेलं असेल तर त्याच चौघांत पीचच्या बियांचा गर आणि करडईची फुलं घालतात. म्हणजे दुखणं नावाला एक, पण दोघींचा काढा वेगळा.

काकांनी मला काढा दिला नाही, आणि दिला असता तरी मी घेतला नसता. बेल्जियममध्ये १९९०च्या सुमारास वजन कमी करण्याच्या औषधात एका चिनी मुळीच्या जागी दुसरीच विषारी वनस्पती गेली आणि शंभरावर बायकांची मूत्रपिंडं खराब झाली. आपल्याकडे येणारं पाकीट उघडून कोण तपासणार? शिवाय दांग-ग्वे वॉरफरिन या रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळीबरोबर घेतलं तर रक्त जास्त पातळ होऊ शकतं, आणि आमच्या घरात आई वॉरफरिन घेते.

सुया मात्र आठवड्यातून दोनदा घेतल्या. आतल्या घोट्याच्या उंचवट्यावर आपलीच चार बोटं आडवी ठेवायची, त्याच्या वर हाडामागे एक खळगा लागतो. त्याचं नाव सानयिनज्याओ, प्लीहा, यकृत आणि मूत्रपिंड या तिघांच्या वाहिन्या तिथे भेटतात असं मानतात. सुई केसासारखी, आत जाताना जेमतेम कळते. मग काका ती किंचित फिरवतात आणि पायात एक जड, बोथट ओढ पसरते. चिनी लोक म्हणतात, ची आला, म्हणजे प्राणशक्ती तिथे पोचली. बेंबीखाली चार बोटांवरच्या बिंदूला ते मोक्साची, म्हणजे वाळवलेल्या पानांची, पेटती कांडी जवळ धरून शेक द्यायचे. त्या धुराचा वास आला आणि मला एकदम चैत्रातलं आमचं देवघर आठवलं. मोक्साची पानं आपल्या दवण्याच्याच गोत्रातली, आणि आमचा कुलस्वामी जोतिबा. बाबा दर चैत्रात कुठून कुठून दवणा मिळवून आणायचे. टेबलावर पडल्या पडल्या मी हुंदके देऊन रडले. काकांनी सुया काढल्या नाहीत, नुसता माझ्या डोक्यावर हात ठेवला.

नेइजिंगमध्ये एका ठिकाणी म्हटलंय की गर्भाशयाची वाहिनी हृदयाच्या अधीन असते, हृदयाचा ची खाली उतरला नाही तर पाळी येत नाही. आणखी एका ओळीचा अर्थ काही टीकाकार असा लावतात की मनातलं मनात कोंडून राहिलं की बाईची पाळी जाते. या ओळींवर बोट ठेवून 'त्यांना तेव्हाच हायपोथॅलॅमस माहीत होता' असं म्हणणारे भेटतात. मला ते पटत नाही. पण बाबा गेल्यावर मी पेन्शनचे कागद केले, बँका केल्या, आईला सांभाळलं आणि दीड वर्ष रडले नव्हते, एवढं खरं.

सुयांनी पाळी आली असं मी म्हणणार नाही. माझ्या मावसबहिणीला पीसीओएस, म्हणजे पाळी अनियमित करणारं बीजांडकोशांचं दुखणं आहे, तिला गोळ्या सोडून नुसत्या सुया घ्यायच्या होत्या. तिला मी स्पष्ट सांगितलं की चीनमध्येच १,००० बायकांवर झालेला मोठा अभ्यास २०१७मध्ये छापून आलाय. पीसीओएसमध्ये खऱ्या सुया आणि नावापुरत्या सुया यांनी बाळं होण्यात फरक पडला नाही, बीज तयार व्हायला मदत करणाऱ्या क्लोमिफीनच्या गोळीने पडला. आणि तिचं दुखणं माझ्या उलट, चिनी भाषेत कफ आणि ओल साचण्याचं. माझं ऐकून तिने तुपाचे लाडू खाऊ नयेत.

मला भरलं ते जेवणाने. पण जेवायला मी बसले काकांमुळे. तीन महिने धावणं पूर्ण बंद केलं. सकाळी तूप-गूळ-पोळी, दुपारी डब्यात पुन्हा भात सुरू झाला, रविवारी आईबरोबर सेव उसळ, वर तर्री मागून. पहिले काही आठवडे प्रत्येक घासाला भीती वाटायची, ती आईने ओळखली आणि ती माझ्याबरोबरच ताट घेऊन बसायला लागली. बाईंकडे दर दोन महिन्यांनी जाऊन आले. कॅल्शियम चालू आहे, हाडांची तपासणीही झाली.

वजन साडेबावन्न झालं तेव्हा, चैत्रात, एका मंगळवारी ऑफिसात पोटात ओळखीची कळ आली. संध्याकाळी काकांना फोन केला.

"रंग कसा आहे?" त्यांनी आधी हेच विचारलं.

मी आनंदाच्या भरात नीट बघितलंच नव्हतं. पुढची आली ३६ दिवसांनी. आता कालनिर्णयावर टिंबाशेजारी बारीक अक्षरात लिहून ठेवलंय, लाल, तीन दिवस.