राजगड-तोरणा: वाट मळलेली आहे, पण बुधल्याखालच्या घसाऱ्याचं कुणी सांगत नाही

राजगडावरून डोंगराच्या धारेने तोरण्यापर्यंत चालत जायचा राजगड-तोरणा ट्रेक करायचाय म्हणून ज्याला ज्याला विचारलं त्याने एकच सांगितलं, धार सोडू नका, दगडांवर बाण रंगवलेत, चुकायचा प्रश्नच नाही. हे अर्धंच खरं आहे. राजगडाच्या अळू दरवाज्याखालचा उतार जपून उतरलात की मधल्या डांबरी रस्त्यापर्यंत वाट चांगली आहे. रस्ता ओलांडल्यावर ढोरवाटा फुटतात, त्यातली जी खाली उतरायला लागेल ती आपली नाही, लगेच परत धारेवर यायचं.

खरा त्रास तोरण्याच्या बुधला माचीखाली, शिडीच्या अलीकडे. आम्ही मार्चमध्ये होतो, उतारावर वणवा लागून गेलेला, गवत जळलं की माती धरून ठेवायला काही उरत नाही, सगळा मुरूम सुटा. पाय टाकला की वीतभर मागे, हाताला धरायला काळी बुडखं, ती पण उपटून हातात येतात, आणि डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना बघवत नाही एवढा उतार. त्यात लोकांनी वळणं टाळून सरळ शॉर्टकट मारलेत, पावसाचं पाणी त्यातूनच धावतं आणि तिथे आता खोल चऱ्या पडल्यात, म्हणजे मूळ वाट कुठली तेच कळत नाही. कृपा करून ते शॉर्टकट वापरू नका, वाट आपणच मारतोय. शिडी त्यामानाने सोपी, आधी हलवून बघा आणि एकावेळी एकच जण चढा.

हा पॅच भर दुपारी दमलेल्या पायांनी आला म्हणूनच एवढा अंगावर आला. त्यामुळे मुक्काम कुठेही असो, उजाडायच्या आत राजगडाच्या संजीवनी माचीवर पोचलेलं असा आणि बाराच्या आत बुधला गाठा. उलट दिशेने, तोरण्याकडून येणाऱ्यांना हाच घसारा उतरावा लागतो, नवख्यांना घेऊन तर अजिबात नको. शूजचे सोल झिजले असतील तर ट्रेक पुढे ढकला. हिवाळा सरला की धारेवर भरवशाचं पाणी नाही, माणशी चार लिटर घ्या, ओझं वाटलं तरी घ्या. पावसाळ्यात धुक्यात धारच दिसत नाही. माझं स्पष्ट मत, नोव्हेंबर ते जानेवारी, बाकी वेळी जाऊ नका.

आता गाडीचं. आमची गाडी राजगडाच्या पायथ्याला गुंजवण्यात आणि आम्ही संध्याकाळी तोरण्याच्या पायथ्याला वेल्ह्यात, अंगात त्राण नाही, हे बघूनच जीपवाल्याने २५०० सांगितले आणि २२०० च्या खाली आला नाही. ही सरळ लूट आहे, राग अजून गेलेला नाही. गाडी वेल्ह्यात ठेवा आणि गुंजवण्याला जायची जीप आदल्या दिवशीच ठरवा, आकडा फोनवर पक्का करून, अंग ताजं असताना माणूस घासाघीस करू शकतो. नाहीतर गाडीच नको, स्वारगेटहून एसटीने या, फक्त वेल्ह्याहून परतीची शेवटची एसटी किती वाजता आहे ते निघायच्या आधी स्टँडवर विचारून घ्या, आणि ती चुकेल असं वाटलं तर तोरण्यावरच्या मेंगाई देवीच्या देवळात पाठ टेकायचा मोह आवरा, बिनी दरवाज्याने खाली उतरायलाही दमलेल्या गुडघ्यांना दोन तास सहज लागतात.