आउटबोर्ड मोटर घ्यायला कोकणात-गोव्यात जाताय? फोनवरच्या भावावर गाडी काढू नका

पावसाळ्याच्या तोंडावर बोटीची मोटर, म्हणजे बोटीच्या मागच्या फळीला बाहेरून लावायचं इंजिन, घ्यायला निघणाऱ्यांनी एवढं आधी वाचावं. फोनवर सांगतात तो मोटरीचा भाव नसतो. पणजीजवळच्या एका दुकानाने आम्हाला फोनवर दिलेला आकडा आणि काउंटरवर कागदावर आलेला आकडा, यांत ३१ हजारांचा फरक निघाला. मोटर तीच, एचपी तेच, शाफ्ट म्हणजे पाण्यात उतरणारा दांडा, तोही तोच. अजून राग गेलेला नाही, म्हणून सगळं तपशिलात लिहितोय.

आमचं गाव करवीर तालुक्यात, पंचगंगेच्या काठाला. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांला इशारा आणि ४३ फुटांला धोका हे आमच्याकडे पोरांनाही पाठ असतं. २०१९ आणि २०२१, दोन्ही महापुरांत म्हातारी माणसं गुऱ्हाळाच्या काहिलीत बसवून बाहेर काढली. पुढं तालमीने वर्गणी काढून १४ फुटी फायबर बोट घेतली, पण पुराच्या ओढीत वल्ह्यावर बोट हवी तिकडे जात नाही. ८ ऑगस्ट २०१९ ला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला पुरात बोट उलटून माणसं बुडाली, ते या भागात कुणीही विसरलेलं नाही. त्यामुळे बोटीत माणसं किती घ्यायची आणि मागं ताकद किती लावायची, यांत तडजोड नको असं सगळ्यांचं मत पडलं. बोटीच्या प्लेटवर जास्तीत जास्त एचपी लिहिलेले असतात. त्यात बसणारी २५ एचपीची, हाताने दोरी ओढून सुरू होणारी टू-स्ट्रोक मोटर ठरली. लाइफ जॅकेट, दोर, बोट चालवणारा तयार माणूस हे तुमच्याकडे आहेच असं धरून पुढचं सांगतो.

निघण्याआधी मुंबई, रत्नागिरी, मालवण आणि गोवा इथून फोनवर भाव घेतले. गोव्याचा सगळ्यात कमी, रत्नागिरीचा त्याहून १४ हजारांनी जास्त. मुंबईच्या दुकानाने व्हॉट्सअॅपवर कोटेशन पाठवलं, त्यात खाली बारीक अक्षरात जीएसटी वेगळा. तालमीकडे जीएसटी नंबर नाही, म्हणजे भरलेला कर परत मिळणार नाही, तेव्हा तो भाव आमच्यासाठी निरुपयोगी होता. गोव्याचा आकडा ‘सगळं धरून’ आहे असं फोनवर स्पष्ट विचारलं होतं आणि समोरून स्पष्ट ‘हो’ आलं होतं.

पहाटे पिकअप काढली. गडहिंग्लज, आजरा, आंबोली, बांदा. रस्त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही, जाताना गाडी रिकामी होती.

दुकानात गेल्यावर चहा, पाणी, गप्पा. मग कागद पुढे आला. पंखा (पाण्यात फिरून बोट ढकलतो तो, प्रोपेलर) ६,५००. पेट्रोलची टाकी आणि नळी ९,५००. ‘फिटिंग आणि चाचणी’ ७,५००. ‘हाताळणी’ ४,०००. तेल आणि पहिली सर्व्हिस ३,५००. बेरीज करा, ३१ हजार होतात.

यातली पहिली दोन कलमं नीट वाचा. या वर्गातल्या, हाताने दोरी ओढून सुरू होणाऱ्या बहुतेक मोटरींसोबत पंखा, २४ लिटरची वेगळी टाकी, नळी आणि हत्यारांची पिशवी कंपनीच्याच खोक्यात येते. मोटरीच्या पुस्तकात त्याची यादी असते. म्हणजे खोक्यातून जे आपल्याला मिळायलाच हवं ते बाहेर काढून आपल्यालाच परत विकायचं. मी यादी मागितली. “ते एक्स्पोर्ट मॉडेलला असतं,” असं उत्तर आलं. खोकं दाखवा म्हटलं तर ते आधीच फोडलेलं, मोटर स्टँडवर चढवलेली. फिटिंगचे साडेसात हजार कशाचे विचारलं. आमची बोट कोल्हापुरात, मोटर मागच्या फळीला दोन क्लॅम्पने आम्हीच आवळणार. “ते सगळ्यांनाच लागतं, साहेब.” हाताळणी म्हणजे गोदामातून दुकानात आणलं त्याचे चार हजार. एवढं अंतर तोडून आलेला माणूस रिकाम्या हाताने परत जाणार नाही, हा हिशेब त्या कागदात उघड दिसत होता. आमच्या चुलत्यांनी कागद घडी करून खिशात घातला, “येतो आम्ही,” म्हणाले आणि आम्ही उठलो. तुमच्यावर ही वेळ आली तर तुम्हीही उठा. आम्ही गाडीत बसल्यावर मागून हाक आली, हाताळणी माफ करतो म्हणून. हाताळणी माफ झाली तरी उरलेले २७ हजार तसेच राहतात.

गोव्यातून खरेदी केलीच, तर एक गोष्ट पक्की करा. ५० हजारांच्या वरचा माल राज्याची हद्द ओलांडणार असेल तर ई-वे बिल (मालवाहतुकीचा ऑनलाइन कागद) लागतं आणि ते दुकानदाराने काढून द्यायचं असतं. इन्सुलीच्या नाक्यावर गोव्याहून येणाऱ्या गाड्या दारूसाठी तपासतात. आमची रिकामी पिकअपसुद्धा ताडपत्री उचलून पाहिली. मोठं खोकं आणि हातात कच्ची पावती, असं घेऊन तिथं उभं राहू नका.

मालवणात मुक्काम केला. जेवण, झोप, सगळं उत्तम. तिथं दुकानदार सरळ बोलतात, कारण गिऱ्हाईक किनाऱ्यावरचंच असतं आणि रोज समोर भेटतं. पण आमच्या कामाचा माल नव्हता. तयार होत्या त्या बहुतेक लाँग शाफ्ट, म्हणजे २० इंची. समुद्रातल्या होडीची मागची फळी उंच असते, तिथं ते बरोबर. आमची फळी १५ इंचांची, शॉर्ट शाफ्टची. घरून निघताना फळीच्या वरच्या कडेपासून बोटीच्या बुडापर्यंत टेपने माप घ्या आणि ते दुकानदाराला सांगा. मोटरीच्या पंख्याच्या वर असलेली आडवी पट्टी बुडाच्या रेषेत किंवा इंचभर खाली आली पाहिजे. पुरात आपण उसाच्या शेतावरून, बांधावरून, कधी डांबरी रस्त्यावरून बोट नेतो. तिथं पाच इंच जास्त खाली गेलेला शाफ्ट पहिल्या फेरीतच कशाला तरी धडकतो. ‘चालून जाईल’ म्हणणाऱ्याचं ऐकू नका, नाही चालत.

तिथंच एकाने फार कमी भाव सांगितला. विचारत गेल्यावर कळलं की ती मागच्या लॉटमधली रॉकेलची मोटर होती, पेट्रोलवर सुरू करून रॉकेलवर घ्यायची. कोकणात मच्छीमारांना ती चालते. आम्हाला रॉकेल मिळणार कुठून? मॉडेलचं पूर्ण नाव अक्षरांसकट लिहून घ्या. नुसतं ‘पंचवीस एचपी’ म्हणून भावांची तुलना केली तर चार दुकानांत चार वेगळ्या वस्तूंची तुलना होते.

मालवणहून रत्नागिरी. कणकवलीपर्यंत महामार्ग सुरेख, लांज्याच्या पुढे पालीपर्यंत वळणं, धूळ आणि खड्डे. कंबर मोडली. त्यातच पालीजवळ टायर बसला, रत्नागिरीत पोचेपर्यंत अंधार झाला आणि त्या रात्री मोटर नको, घरी जाऊ असं माझंही मत झालं होतं.

सकाळी मिरकरवाड्याच्या बाजूच्या दुकानात गेलो आणि सगळा शीण उतरला. वयस्कर मेकॅनिक होते. आम्ही काका म्हणत होतो, ते आम्हाला ‘तुम्ही कोल्हापूरवाले’ म्हणत होते. त्यांनी सीलबंद खोकं आमच्यासमोर फोडलं. टाकी, नळी, पंखा, हत्यारं, पुस्तक, सगळं आत. खोक्यावरचा नंबर आणि क्लॅम्पजवळच्या पट्टीवरचा नंबर जुळवून दाखवला. मग पाण्याच्या पिंपात मोटर लावून सुरू केली. मागून पाण्याची बारीक धार सुटते ती नीट येतेय का बघा. धार नाही म्हणजे पाण्याचा पंप काम करत नाही आणि मोटर मिनिटांत तापते. मनगटाला बांधायची लाल दोरी ओढून मोटर बंद होते का, तेही करून पाहिलं. बिलावर एकच रक्कम होती, फोनवर सांगितलेलीच, एक रुपया वर नाही. गोव्याच्या शेवटच्या बेरजेपेक्षा १७ हजारांनी कमी. माझं मत ठाम आहे, कोल्हापूर-सांगलीकडच्या माणसाने रत्नागिरीतच घ्यावी. कोल्हापुरातून आंबा घाटाने १३० किलोमीटरच्या आसपास अंतर, आणि बिघाड झाला तर दाखवायला माणूस आहे.

बिलावर मॉडेल, इंजिन नंबर आणि जीएसटी वेगळा लिहून घ्या. बोटीच्या नोंदणीला हेच बिल लागतं. वॉरंटी कार्ड भरताना वापर ‘व्यावसायिक’ लिहिला तर मुदत बऱ्याच कंपन्या कमी करतात. तालमीची मदतीची बोट कशात धरणार ते दुकानदाराकडून लेखी घ्या.

फोर-स्ट्रोक घ्यावी का, असं पुष्कळ जण विचारतात. पेट्रोल कमी खाते, आवाज कमी, हे खरं. पण २५ एचपीची टू-स्ट्रोक साधारण ५० किलोची, फोर-स्ट्रोक ६० ते ७० च्या घरात. चिखलातून, अंधारात, दोन माणसांनी खांद्यावर नेऊन फळीला लावायची वस्तू आहे ही. पुराच्या कामाला टू-स्ट्रोक. वर्षभर तलावात फेऱ्या मारायच्या असतील तर फोर-स्ट्रोक घ्या.

येताना मोटर पिकअपमध्ये आडवी ठेवली, खाली भाताच्या पेंढ्याची पोती, दोन्ही बाजूंनी जुन्या ट्यूब. इंजिनाचं डोकं पंख्यापेक्षा उंच राहिलं पाहिजे, नाहीतर आतलं उरलेलं पाणी सिलेंडरकडे जातं. फोर-स्ट्रोक असेल तर पुस्तकात दाखवलेल्या कुशीवरच झोपवा, तेल वर चढतं. साखरप्यापासून घाटमाथ्यापर्यंत सावकाश आणा.

तेल मोटरसायकलचं टू-टी घालू नका. पाण्यावर थंड होणाऱ्या मोटरीला टीसी-डब्ल्यू ३ दर्जाचं तेल लागतं. आमच्या मोटरीच्या पुस्तकाप्रमाणे पहिले दहा तास पेट्रोलच्या लिटरला ४० मिली तेल मिसळायचं, नंतर २०. त्या दहा तासांत पूर्ण रेस द्यायची नाही, म्हणून मोटर मे महिन्यातच आणा आणि साध्या पाण्यात चालवून घ्या. पूर आल्यावर खोकं फोडायला वेळ नसतो. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं आणि ते ओलावा ओढतं. पूर ओसरला की मोटर पाण्याच्या पिंपात लावून, पेट्रोलची नळी काढून ती आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, कार्ब्युरेटर रिकामा होऊ द्या, टाकीही रिकामी करा.

मोटरीवर गंजरोधक झिंकचे तुकडे असतात ते समुद्रासाठी. गोड्या पाण्यात मॅग्नेशियमचे चांगले, मागून घ्या.

शेवटचं, आणि यात हयगय करू नका. पंचगंगेत जलपर्णी आणि पुरात उसाचं पाचट, दोन्ही मोटरीच्या पाणी ओढायच्या जाळीत अडकतात आणि पंपातला रबरी इम्पेलर, म्हणजे पाणी ढकलणारी चक्री, जातो. इम्पेलर दोन, स्पार्क प्लगची एक जोडी, सुरू करायची जादा दोरी आणि पंख्याच्या पिना बिलाबरोबरच घ्या. रत्नागिरीचे काका म्हणाले, लागलं तर एसटीच्या पार्सलने पाठवतो. पाठवतीलही. पण मोठा पूर आला की रत्नागिरी रस्ता केर्लीजवळ पाण्याखाली जातो आणि पुणे-बेंगळुरू महामार्ग शिरोलीला बंद होतो, २०१९ ला झालाच होता. तेव्हा सुटे भाग मोटरीजवळ डब्यात असले पाहिजेत, आणि डबा माळ्यावर, खालच्या खोलीत नाही.