कारपूल लेनचं स्टिकर आणि दोन सरकारं: माझा अनुभव

कॅलिफोर्नियात फ्रीमाँटहून माउंटन व्ह्यूला ऑफिसला जाणाऱ्या कुणालाही विचारा, इलेक्ट्रिक गाडी का घेतली? पर्यावरण वगैरे सांगून झालं की हळूच खरं कारण येतं: स्टिकर. माझंही तेच. हायवे ८८० वर सकाळी चार लेन तुंबलेल्या असताना डावीकडच्या कारपूल लेनमधून, म्हणजे जास्त माणसं असलेल्या गाड्यांसाठी राखलेल्या लेनमधून, एकटा माणूस भुर्रकन जायचा, आणि त्याच्या बंपरवर ते स्टिकर असायचं: स्वच्छ गाडीला तिथून एकट्याने जायची परवानगी. आपल्यालाही ते हवं, एवढा साधा हिशोब.

अर्ज करणं फारसं अवघड नव्हतं. गाडी डीएमव्हीच्या (राज्याच्या वाहन खात्याच्या) यादीत हवी, फॉर्म भरायचा, तीस डॉलरच्या आतली फी भरायची आणि पोस्टाची वाट बघायची. पाकीट आलं त्या शनिवारी नवऱ्याने बंपर स्पिरिटने पुसून लख्ख केला आणि लेकीला हात लावू न देता स्वतःच स्टिकर चिकटवली. कडेला एक बुडबुडा राहिलाच. तो क्रेडिट कार्डाने दाबत दाबत बाहेर काढताना त्याचा चेहरा देवघरात नवी मूर्ती बसवणाऱ्यासारखा गंभीर होता.

स्टिकरने सगळं होत नाही, हे मात्र नंतर कळलं. ८८० आणि २३७ वरच्या जुन्या कारपूल लेन आता टोलच्या एक्स्प्रेस लेन झाल्या आहेत. तिथे टोल कापणारा फास्टट्रॅकचा टॅग लागतो आणि गाडीत किती माणसं आहेत ते सांगायला त्यावर १, २, ३ असा खटका असतो. तिघं असाल तर फुकट, दोघं असाल तर अर्धा टोल. एकट्याला अर्धी सवलत हवी तर तेव्हा स्वच्छ गाड्यांसाठीचा वेगळा टॅग, त्याचा वेगळा अर्ज, पुन्हा गाडीचे कागद लागायचे; ती सवलतही २०२५ मध्ये संपली. खटका विसरला की पूर्ण टोल. हे सगळं सासूबाईंना समजावलं तेव्हा त्या म्हणाल्या, "अगं, मग मीच बसते ना रोज शेजारी!" त्या नाशिकहून आल्या होत्या तेव्हा खरंच दोन-तीनदा बसल्या. कायद्याला तेही चालतं. कार सीटमधलं तान्हं बाळसुद्धा माणूस म्हणून धरतात.

गाडी घेताना डीलरकडे कुणी सांगितलं नाही ते हे, की स्टिकरचं आयुष्य गाडीवर नाही, कायद्यावर असतं. म्हणून मी कायदा वाचला. कॅलिफोर्नियाच्या व्हेइकल कोडमध्ये कलम २१६५५.५ आहे. जास्त माणसांच्या गाड्यांसाठी लेन राखून ठेवायचा अधिकार त्यातून येतो, पण त्याआधी सुरक्षितता, गर्दी आणि रस्त्याची क्षमता यांवर काय परिणाम होईल याचा अभियांत्रिकी अंदाज काढावा लागतो. म्हणजे मूळ कल्पना माणसं मोजायची. स्वच्छ गाड्यांना एकट्याने जायची मुभा नंतर, १९९९ च्या कायद्याने आली. २००४ च्या कायद्यामुळे हायब्रिडनाही पिवळी स्टिकर मिळू लागली. ती ८५,००० वर थांबवली आणि २०११ मध्ये बंद केली. त्या काळात पिवळं स्टिकर लावलेल्या जुन्या प्रियस या हायब्रिडला जास्त भाव यायचा, हे आमच्या ग्रुपमधले जुने लोक अजून रंगवून सांगतात.

आता खरी गोम. या रस्त्यांवर वॉशिंग्टनचाही, म्हणजे केंद्र सरकारचाही, शब्द चालतो. एकट्या माणसाच्या इलेक्ट्रिक गाडीला कारपूल लेनमध्ये सोडायची राज्यांना परवानगी संघीय कायद्याने दिली होती, आणि तिची मुदत होती ३० सप्टेंबर २०२५. कॅलिफोर्नियाने २०२४ मध्ये नवा कायदा करून कार्यक्रम २०२७ च्या सुरुवातीपर्यंत लांबवला, गव्हर्नर न्यूसम यांनी सहीही केली. ते वाचून मी निश्चिंत. पण वॉशिंग्टनने मुदत वाढवली तरच, अशी त्यात मेख होती. अमेरिकी काँग्रेसने, म्हणजे इथल्या संसदेने, ती वाढवली नाही. सॅक्रामेंटोने, म्हणजे राज्य सरकारने, हो म्हटलं, वॉशिंग्टनने काहीच म्हटलं नाही, आणि पाच लाखांहून जास्त गाड्यांवरची स्टिकर एका रात्रीत नुसती चिकटपट्टी झाली.

मला राग आला, पण पूर्ण नाही. त्याच संघीय कायद्यात एक अट आहे: लेनमधला सरासरी वेग गर्दीच्या वेळी ९० टक्के वेळा किमान ताशी ४५ मैल राहिला पाहिजे. आमच्या भागात तो कित्येक ठिकाणी राहतच नव्हता. तीन माणसं कोंबून येणारी टोयोटा आणि एकटी मी, दोघी त्याच लेनमध्ये सरपटत होतो. अशा वेळी हक्क कुणाचा जास्त, याचं उत्तर मला माझ्या सोयीचं देता येईना.

ऑक्टोबर-नोव्हेंबरची साठ दिवसांची सवलत होती, त्या काळात पावती फाडत नव्हते. १ डिसेंबरपासून मात्र दंड, आणि तो किमान ४९० डॉलर. स्टिकर काढायला हेअर ड्रायर लागला. सलग निघेना, नखाएवढे तुकडे होत राहिले.

सध्या माझ्याच ऑफिसच्या इमारतीत, वरच्या मजल्यावरच्या टीममध्ये काम करणाऱ्या एका तेलुगू शेजाऱ्याबरोबर जाते. एक आठवडा त्याची गाडी, एक आठवडा माझी. खटका २ वर, टोल अर्धा. तो सव्वासातला म्हणजे सव्वासातलाच खाली उभा असतो, त्यामुळे घरातली सकाळची आरडाओरड वाढली आहे. शुक्रवारी तो घरून काम करतो. त्या दिवशी मी खटका १ वर ठेवते, टोलचा आकडा बघते, आणि बहुतेक वेळा उजवीकडच्या लेनमध्येच राहते.