तुम्ही विचारलंत म्हणून: मी डिटेक्टर का वापरत नाही

"मॅडम, एआयनं लिहिलेलं पकडणारं सॉफ्टवेअर सगळे वापरतात, मग तुम्हीच का नाही?" सहकारी विचारतात, पालक विचारतात, हल्ली विद्यार्थीही विचारतात. त्यातही जे रात्र रात्र जागून स्वतः लिहितात ते जास्त. त्यांचा राग मला कळतो. शेजारच्यानं चॅटजीपीटीकडून निबंध उतरवून घ्यायचा, गुण दोघांना सारखेच पडायचे आणि मॅडम साधं तपासतही नाहीत! आजवर "त्याचा भरवसा नाही" एवढं म्हणून मी वेळ मारून नेली. खरं कारण सांगितलं नाही, कारण त्यात माझी चूक आहे.

आमच्या विभागात डिटेक्टर यावा म्हणून सगळ्यात जास्त भांडले ती मीच. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं आणि पुढच्याच सत्रात माझ्या टेबलावर निर्दोष व्याकरणाचे, गुळगुळीत परिच्छेदांचे आणि आतून पोकळ निबंध यायला लागले. एकात तर अस्तित्वातच नसलेल्या पुस्तकाचा संदर्भ होता, पानक्रमांकासकट. तेव्हा मी चिडले, आणि त्यात माझं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही.

तिचं नाव सांगणार नाही. दुसऱ्या वर्षाला होती, मागच्या बाकावर बसायची, क्वचित बोलायची. तिचा अकरा पानी निबंध डिटेक्टरवर अपलोड केला तर पडद्यावर लाल पट्टी आली: ८७ टक्के एआय. त्याआधी मी त्याची दोन पानं वाचली होती. उरलेली नऊ वाचलीच नाहीत. निकाल समोर होता, मग वाचायचं कशाला?

"हे तू लिहिलंयस?"

"हो मॅडम."

"खरं सांग. मी समजून घेईन."

हे शेवटचं वाक्य मला अजून टोचतं. न केलेला गुन्हा कबूल करायला मी तिला सवलत देत होते आणि त्याला समजूतदारपणा समजत होते. ती रडली नाही, वादही घातला नाही. "उद्या येऊ का?" एवढंच म्हणाली. मला वाटलं, सबब शोधायला वेळ मागतेय.

दुसऱ्या दिवशी तिनं दोनशे पानी वही माझ्यापुढे ठेवली. अख्खा निबंध तीनदा लिहिलेला होता. पहिला खर्डा निम्मा मातृभाषेत, निम्मा इंग्रजीत. दुसऱ्यात खाडाखोड, समासात बाण, आणि एका पानावर एकच वाक्य सहा तऱ्हांनी लिहून पाहिलेलं. वहीच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात एक यादी होती: 'फर्दरमोर', 'इन अ‍ॅडिशन', 'इट इज इम्पॉर्टंट टु नोट दॅट'. शाळेपासून जमवलेली. चांगलं इंग्रजी असंच असतं, असं तिला आमच्यासारख्यांनीच शिकवलं होतं. मी पानं उलटत असताना तिनं हळूच विचारलं, "मॅडम, सातव्या पानावरचा मुद्दा बरोबर आहे का? तिथं मला खात्री नव्हती."

सातवं पान मी पाहिलंच नव्हतं.

माफी मागितली, गुण दिले. पण त्यानंतर ती माझ्याकडे शंका विचारायला कधीच आली नाही.

मग मी वाचत सुटले, जे आधीच करायला हवं होतं. यातली बरीच यंत्रं, निदान तेव्हाची, मुख्यतः एक गोष्ट मोजत: वाक्यातला पुढचा शब्द किती अपेक्षित आहे. फार अपेक्षित असेल तर मजकूर यंत्राचा असल्याचा संशय. पण परकी भाषा घोकून शिकलेला माणूस अपेक्षित शब्दच वापरणार ना! २०२३ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेसाठी लिहिलेले ९१ निबंध सात डिटेक्टरांना दिले. माणसांनी लिहिलेल्या या निबंधांपैकी सरासरी निम्म्याहून जास्त निबंध यंत्राचे ठरले. अमेरिकेतल्या आठवीच्या मुलांचे निबंध मात्र जवळजवळ सगळे सुटले. खुद्द चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयनं जानेवारी २०२३ मध्ये असं साधन काढलं होतं. त्यांच्याच चाचणीत यंत्रानं लिहिलेल्या मजकुरापैकी २६ टक्केच त्याला ओळखता आला, आणि माणसांच्या मजकुरापैकी ९ टक्क्यांवर त्यानं खोटा आळ घेतला. जुलैत त्यांनी ते बंद केलं.

यावर माझ्या आतली जुनी मी अजून भांडते. म्हणते, आता डिटेक्टर सुधारलेत. शिवाय एका मुलीपायी पन्नास लबाड मोकळे सोडायचे का? त्या जुन्या मीचं म्हणणं पूर्ण चुकीचं नाही. गेल्या वर्षी मी एका निबंधाचं भर वर्गात कौतुक केलं, आणि सत्र संपल्यावर त्या मुलानं स्वतःहून सांगितलं, की त्यातलं एकही वाक्य त्याचं नव्हतं. वर्गात मान खाली घालून बसलेल्या, खरं लिहिणाऱ्या मुलांना मी काय उत्तर देणार होते? माझ्याकडे ते नाही. पण आकड्याच्या जोरावर परत कुणाला समोर बसवणं माझ्याच्यानं होणार नाही.

एआयच नको, असं मात्र मी म्हणत नाही. मुलं त्याच्याकडून अवघड उतारा सोपा करून घेतात, आपल्या युक्तिवादातल्या फटी शोधून घेतात. काहींचं लेखन त्यानं खरोखर सुधारलंय. काहींचं थांबलंय.

हल्ली मी खर्डे मागते आणि प्रत्येकाशी त्याच्या निबंधावर पंधरा मिनिटं बोलते. ५८ विद्यार्थी म्हणजे साडेचौदा तास, आणि ते माझ्या वेळापत्रकात कुठेच मोजले जात नाहीत. सहकारी म्हणतात, हे किती दिवस निभवाल? ठाऊक नाही. आणि खर्डाही यंत्राकडून लिहून घेता येतोच.

पुढच्या आठवड्यात या सत्राच्या मुलाखती सुरू होतील. काल एक मुलगा येऊन गेला. तो बोलताना अडखळतो. "मॅडम, मला तोंडी नको, लेखी उत्तर दिलं तर चालेल का?" असं त्यानं एका चिठ्ठीवर लिहून आणलं होतं. ती चिठ्ठी माझ्या टेबलावर आहे. मी त्याला अजून काही कळवलेलं नाही.